या भागात आढळत नाही

“नक्की ना, दाजी?” डॉक्टरबाईंनी पुन्हा विचारले.

दाजींनी हातातली काचेची बरणी खिडकीच्या उजेडात धरून जरा हलवली. आतला मेलेला साप एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर झाला. काळे अंग, त्यावर पांढरट आडवे पट्टे, जाडी करंगळीएवढी. डोके रंगाच्या रोलरच्या दांड्याखाली चेचले गेल्यामुळे ओळखण्यापलीकडे गेले होते.

“नक्की. कवड्या आहे. पाली खायला घरात शिरतो बिचारा. चावला असला तरी धनुर्वाताचं इंजेक्शन द्या, झालं.”

“मण्यारलाही असेच पट्टे असतात ना? म्हणून विचारलं.”

“मण्यार खाली. घाट उतरलात की. इकडं ती चढत नाही, थंडी सोसत नाही तिला.” दाजी हसले. “इथं एक मण्यार दाखवा, साप धरायचं सोडून देईन मी. ती पाटी बघा की.”

पाटी तपासणीच्या खोलीतच, खाटेच्या वरच्या भिंतीवर होती. वर ठळक अक्षरात ‘आपल्या भागातील साप’, खाली चौकटींतून सापांची चित्रे. नाग आणि घोणस लाल चौकटीत, बाकीचे हिरव्या. सगळ्यात खाली तांबड्या रंगात एक ओळ होती: याखेरीज दुसरा कोणताही विषारी साप या भागात आढळत नाही. मजकूर दाजींचा आणि अक्षर त्यांच्या मेहुण्याचे. तोच मेहुणा आत्ता त्या पाटीखालच्या खाटेवर पोट धरून पडला होता.

“साप राहू द्या डॉक्टर, अक्षर बघा,” तो म्हणाला. “पट्टी न लावता काढलंय.” आणि पुन्हा कळ आली तसे त्याने गुडघे जवळ घेतले.

दाजी शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर होते. परीक्षानळ्या धुणे हे त्यांचे काम आणि साप धरणे हे त्यांचे व्यसन. साप निघाला की लोक आधी दाजींना फोन करत आणि मग देवाला आठवत. निम्मे साप तर दाजी फोनवरच निकालात काढत. “तपकिरी आहे? पळतोय? धामण आहे हो, जाऊ द्या तिला.” एवढे ऐकले की लोक निर्धास्त होऊन पंखा लावून झोपत. दाजी हे नावही त्यांना मेहुण्यामुळेच चिकटले होते. तो पाट्या रंगवत गावभर हिंडे आणि जिथे जाई तिथे “आमचे दाजी, आमचे दाजी” करत राही. शेवटी मुख्याध्यापकसुद्धा त्यांना दाजीच म्हणू लागले. मेहुण्याला मात्र सगळे पेंटर म्हणत.

गेले काही दिवस पेंटर दाजींच्याच घरी मुक्कामाला होता. ताईचे घर रंगवायला काढले होते आणि ते दुसऱ्या कुणाला करू देणे त्याला अपमानाचे वाटत होते. खाटा अंगणात, भांडी गच्चीवर, बाहेरच्या खोलीत गिलाव्याच्या वाळूचा ढीग. त्या ढिगाशेजारी जमिनीवर अंथरूण टाकून पेंटर झोपत असे. सकाळी त्याने वळकटी बांधायला घेतली आणि सतरंजीखालून हा साप निघाला. पेंटरने हातात आला तो रोलरचा दांडा घातला त्याच्या डोक्यात.

“दाजी, तुमचा पाहुणा आलाय,” असे तो ओरडला तेव्हा दाजी तोंडात ब्रश घेऊन मोरीकडे निघाले होते. उंबऱ्यातूनच त्यांनी पाहिले. काळा, पट्टेवाला. “कवड्या,” ते फेसातून म्हणाले आणि पुढे गेले. ओळखीचा माणूस पाठमोरा दिसला तरी आपण चेहरा बघायला जात नाही, तसेच झाले. घाटाच्या वरच्या अंगाला काळा आणि पट्टेवाला म्हणजे कवड्या, दुसरे काही असायचे कारणच नव्हते. सापापेक्षा त्यांनी ठिकाणच जास्त ओळखले होते.

झोपेत काहीतरी टोचल्यासारखे झाले होते, मुंगी असेल, असे पेंटर चहा पिता पिता म्हणाला. अंगावर खूण काही नव्हती. चहा संपायच्या आत त्याचे पोट दुखू लागले. “काल हॉटेलात हादडलंय ते बोलतंय,” दाजी म्हणाले. पण ताईने ऐकले नाही, साप बरणीत घालून त्याला इथे आणायला लावले. बहीण होती ती, आणि भावाच्या कपाळावरचा घाम तिला आवडला नव्हता.

डॉक्टरबाई वयाने लहान होत्या, या हॉस्पिटलात नव्या होत्या आणि एकट्या होत्या. विषावरचे औषध फ्रीजमध्ये होते. पण ते औषधही एखाद्याला उलटते, विनाकारण द्यायचे ते नव्हे. त्यांनी बरणीकडे पाहिले, पाटीकडे पाहिले आणि दाजींकडे पाहिले.

“ठीक आहे. इथंच ठेवते त्यांना. जरा काही वेगळं वाटलं की लगेच सांगा,” त्या म्हणाल्या आणि बाहेरची रांग बघायला गेल्या.

दाजी खाटेच्या उशाशी स्टुलावर बसले, बरणी मांडीवर. ताई पायथ्याशी बसली. साप आलाय म्हटल्यावर येणारा-जाणारा दारातून डोकावत होता. “कुठला हो दाजी?” “बिनविषारी.” पुढच्याने विचारले, “बिनविषारी.” दर वेळी दाजींचा आवाज थोडा चढत होता.

“दाजी, जरा सरका,” पेंटर म्हणाला. “दोन-दोन दिसायला लागलात. एक सांभाळताना ताईच्या नाकी नऊ येतात, दोन घेऊन काय करू आम्ही?”

ताई हसली. सलाइन लावायला आलेली सिस्टर हसली. दाजीही हसले आणि हसता हसताच वाकून त्याच्या डोळ्यांकडे पाहू लागले.

“डोळे नीट उघड की,” ते म्हणाले.

“उघडेच आहेत.”

ते उघडे नव्हते. पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या आणि पेंटर भुवया कपाळात नेऊन त्या वर ओढायचा प्रयत्न करत होता, पण ते त्याचे त्याला कळत नव्हते. दुखण्याची गोळी दिलीय, दाजींनी स्वतःला सांगितले. पहाटे उठलाय. झोप येणारच. एवढे सांगून ते उठले आणि बरणी घेऊन वऱ्हांड्याच्या टोकाच्या बेसिनकडे गेले.

साप त्यांनी बेसिनच्या कडेवर पालथा पसरला. कवड्याच्या पाठीवरचे खवले सगळे एका मापाचे. मण्यारच्या पाठीच्या बरोबर मधोमध, मानेपासून शेपटीपर्यंत, मोठ्या सहाकोनी खवल्यांची एक ओळ जाते. हे दाजी दरवर्षी मुलांना सांगत. पट्ट्यांवर जाऊ नका रे पोरांनो, पट्टे फसवतात, पाठीचा कणा बघा. त्यांनी नळ सोडला, अंगठ्याने सापाच्या पाठीवरचा चुना आणि रक्त धुऊन काढले.

मधली ओळ फरशी बसवल्यासारखी स्वच्छ दिसली. मोठे, सहाकोनी खवले, एकापुढे एक. पट्टेही शेपटीकडे विरत गेले नव्हते, उलट गडद होत गेले होते.

दाजी तिथेच उभे राहिले. किती वेळ, ते पुढे त्यांना कधीच धड सांगता आले नाही. ती गोळीच असेल, एवढा एकच विचार मनात घोळत होता. आणि त्याच्या मागे दुसरा, जो त्यांना स्वतःशीही कबूल करवत नव्हता. वऱ्हांड्यात बसलेल्या इतक्या जणांना आत्ताच छातीठोकपणे सांगितलेय. भिंतीवर लिहून ठेवलेय. नळ वाहत होता. मागून बादली घेऊन आलेली बाई ताटकळली आणि म्हणाली, “झालं का हो काका?”

“झालं,” दाजी म्हणाले. साप तसाच हातात घेऊन ते झपझप निघाले. वाटेत एकाने “बिनविषारी ना?” असे विचारलेच.

डॉक्टरबाई एका म्हाताऱ्याची छाती तपासत होत्या. दाजींनी तिथेच, सगळ्यांच्या देखत सांगितले.

“डॉक्टर, मण्यार आहे. मी चुकलो.”

या वेळी डॉक्टरबाईंनी ‘नक्की ना’ म्हणून विचारले नाही. कानातली नळी काढून त्या धावतच सुटल्या.

त्यानंतरची धावपळ दाजींनी भिंतीला टेकून पाहिली. औषध पावडरीच्या रूपात बाटल्यांत होते. ते पाण्यात विरघळायला वेळ घेते आणि घाईने हलवून चालत नाही, फेस होतो. सिस्टरचे दोन हात पुरेनात. तिने दोन बाटल्या ताईच्या हातात दिल्या. “तळव्यात धरून हळू फिरवा. हलवायचं नाही, नुसतं फिरवायचं.” ताई बाटल्या तळहातांत फिरवत बसली. पावडर विरघळत नव्हती. ती एकदा बाटलीकडे बघे आणि एकदा नवऱ्याकडे. त्या नजरेत राग असता तर दाजींना बरे वाटले असते. हा माणूस कोण, असे ती बघत होती.

“ताई,” पेंटर म्हणाला. शब्द नाकातून आल्यासारखे येत होते. “मान उचलत नाहीये गं.”

औषध शिरेतून सुरू झाले तोवर त्याचे बोलणे बंद झाले होते. छातीचा भाता वरवर हलत होता. डॉक्टरबाईंनी त्याच्या घशात नळी घातली, नळीला रबरी फुगा जोडला आणि दाबायला सुरुवात केली.

“यांना खाली न्यायला हवं. श्वासाचं मशीन तिथं आहे. तोपर्यंत हा फुगा थांबता कामा नये.” त्यांनी दाजींकडे पाहिले. “आधी दिलं असतं तरी कदाचित हेच झालं असतं. किंवा नसतंही. आत्ता त्याचा विचार नको. मला इथून हलता येत नाही, सिस्टर येतील. तुम्हाला दाबता येईल?”

“येईल,” दाजी म्हणाले.

अॅम्ब्युलन्स घाटाला लागली. मध्ये पेंटर, एका बाजूला सिस्टर, डोक्याशी दाजी, पायाशी ताई. दाबा, सोडा. दाबा, सोडा. सिस्टर त्यांना ताल धरून देत होती. “घाई नको काका. तुमच्या श्वासाबरोबर घ्या.” दाजींना स्वतःचाच श्वास सापडत नव्हता. प्रत्येक वळणावर गाडी कलायची आणि ते एका हाताने पत्रा आणि एका हाताने फुगा धरत. पेंटरचे डोळे मिटलेले होते, चेहरा मेणाचा झाला होता. कुणीही पाहिले असते तर संपला असे म्हटले असते.

“बोला त्यांच्याशी,” सिस्टर म्हणाली. “झोपलेले नाहीत ते. हलता येत नाही एवढंच. आतून सगळं ऐकू येत असतं.”

“सगळं?”

“सगळं.”

दाजी एकदा सुरू झाले ते थांबले नाहीत.

“पेंटर, ऐकतोयस का. मी साप बघितलाच नाही रे. तोंडात ब्रश होता. चार पावलं पुढं यायचा कंटाळा केला. दुसऱ्या कुणाच्या घरी असतो तर वाकून बघितलं असतं, घरच्या घरी काय बघायचं.” दाबा, सोडा. “आणि कळल्यावरही उभा राहिलो. तिथं बेसिनपाशी. लोक काय म्हणतील म्हणून उभा राहिलो. तू इथं डोळे ओढत होतास आणि मी नळ सोडून उभा.”

“ते आत्ता नका सांगू त्याला,” ताई म्हणाली. सकाळपासून ती त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलत होती. “दाबा.”

दाजींनी दाबले.

“तुम्ही कवड्या म्हणालात म्हणून मी त्याला चहा देत बसले,” ती थोड्या वेळाने म्हणाली. “वर आणखी हवा का विचारलं.”

दाजींच्या मनगटात पेटके येऊ लागले होते. सिस्टरने हात पुढे केला तर त्यांनी मान हलवली.

“हट्ट नको काका. हात थकला की त्यांना हवा कमी पडते,” ती म्हणाली, तेव्हा मात्र त्यांनी फुगा दिला. मग घाट उतरेपर्यंत आळीपाळीने. रिकाम्या पाळीत दाजी हात झाडत आणि मेहुण्याच्या कानाशी बडबडत राहत. घराचा रंग, शाळेतल्या नव्या बाई, पेंटरने लग्नात त्यांचे बूट लपवून बोहल्यावर अनवाणी उभे केले होते ते. तोंडाला येईल ते.

खालच्या हॉस्पिटलात मशीनने फुग्याची जागा घेतली. दाजींची बोटे नंतरही कितीतरी वेळ मिटत आणि उघडत राहिली.

दाजी आणि ताई बाहेर काही दिवस बसून होते, एका बाकावर, मध्ये एक माणूस मावेल एवढे अंतर ठेवून. मग एका सकाळी पेंटरच्या पायाचा अंगठा हलला. नंतर पापणी, नंतर मान. नळी काढली त्या दिवशी त्याने खुणेने दाजींना जवळ बोलावले. दाजी ओठांशी कान नेऊन वाकले.

“दाजी,” खरखरीत आवाजात तो म्हणाला, “फार बोलता तुम्ही.”

दाजी बाहेर गेले आणि जिन्यात बसून ढसाढसा रडले.

पेंटर वाचला. उजवा हात मात्र थरथरत राहिला. हळूहळू जाईल, डॉक्टर म्हणाले, पण कधी ते सांगितले नाही.

स्पिरिटमध्ये ठेवलेला साप बघायला पुढे विद्यापीठातले प्राध्यापक दाजींच्या घरी आले. त्यांनी भिंगातून पाठीची ओळ पाहिली, डोंगराची उंची विचारली आणि त्यांचे डोळे चमकले. इतक्या वर मण्यारची नोंद आजवर झालेली नव्हती. मग त्यांची नजर उरलेल्या वाळूच्या ढिगाकडे गेली.

“ही वाळू कुठली?”

“खालची. नदीची.”

“मग अवघड आहे. वाळूबरोबर ट्रकमधून चढली असेल तर ती नोंद होत नाही. एकटी आली, पाहुणी आली. इथं ती राहते हे दिसायला पाहिजे.”

पाहुणी. दाजींनी तो शब्द दोन्ही हातांनी धरला. पाहुणी होती म्हणजे पाटी बरोबर होती. चुकली ती वाळूची गाडी. चौकात, शाळेत, किराणा दुकानात ते सांगत सुटले, “ट्रकमधून आली हो, पाहुणी.” लोकांनाही तेच हवे होते. घरात त्यांनी हे सांगितले तेव्हा ताई भाजी निवडत होती. तिने वर पाहिले नाही.

त्याच सुमारास शाळेच्या शिपायाचा फोन आला. पाण्याच्या टाकीमागे साप आहे, काळा, पट्ट्यांचा. “कवड्याच ना दाजी? जाऊ देऊ?”

शब्द जिभेवर आलेला होता. दाजींनी तो गिळला. मग म्हणाले, “कुणाला जवळ जाऊ देऊ नकोस. येतो मी.”

ताई उठली, कोपऱ्यातली आकड्याची काठी घेतली आणि त्यांच्या हातात दिली. इतक्या वर्षांत तिने त्या काठीला कधी हात लावला नव्हता.

टाकीमागे जुन्या कौलांची रास होती. दाजींनी एकेक कौल काठीने बाजूला केले. शेवटच्या थराखाली ती वेटोळे घालून होती, दोन बोटांएवढी जाड, काळीभोर, पाठीवर ती ओळ उभ्या उभ्या दिसावी अशी. शेजारी अंड्यांची सुकलेली, फाटलेली टरफले. पिल्ले कधीच निघून गेली होती. इथे ना वाळू होती ना ट्रक येण्याजोगी वाट. भिंतीच्या पलीकडे मधल्या सुट्टीचा गलका चालला होता.

शिपाई दूर उभा होता. तिथून त्याला नुसते पट्टे दिसत असणार. कवड्या म्हटले असते तर त्याने मानले असते.

“मण्यार आहे,” दाजी मोठ्याने म्हणाले. “हिची पिल्लं इथंच कुठंतरी आहेत. मुलांना या बाजूला सोडू नका. आणि हे सगळ्यांना सांग, मी सांगितलं म्हणून सांग.”

प्राध्यापक दुसऱ्यांदा आले ते खुशीत आले. आता नोंद पक्की होती. पहिला नमुना कुणाला सापडला म्हणून लिहू, तुमचेच नाव ना, असे त्यांनी विचारले.

“मेहुण्याचं लिहा,” दाजी म्हणाले. “मी बघितलीसुद्धा नव्हती.”

हॉस्पिटलातली पाटी दुरुस्त करायला दोघे मिळून गेले. दाजींनी खाट बाजूला सरकवून आधी खालची तांबडी ओळ पात्याने खरवडली. पेंटरचा रंग सहजी निघणारा नव्हता. ‘आढळत नाही’ला सगळ्यात जास्त वेळ लागला. ओळ गेली, तिच्या जागी फिका पट्टा राहिला.

“इथं काय लिहू?” पेंटरने विचारले.

“काही नको. मोकळी राहू दे.”

डॉक्टरबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. पेंटरने ब्रश काळ्या रंगात बुडवला आणि दाजींनी आखून दिलेल्या नव्या लाल चौकटीत सापाचे अंग काढले, ते कसेबसे जमले. मग पांढरा घेतला. पहिला पट्टा टेकवला आणि हात थरथरला. पट्टा वाकडा गेला, रंग खाली ओघळला. पट्टी न लावता ओळ काढणारा तो माणूस हाताकडे बघत राहिला. दाजींनी खिशातले फडके काढले.

“पुसू नका,” पेंटर म्हणाला. त्याने पुन्हा ब्रश उचलला. तो पुन्हा हलू लागला.

दाजी त्याच्या मागे येऊन उभे राहिले आणि त्यांनी त्याचे मनगट पकडले.

“दाबू नका, दाजी,” पेंटर हळूच म्हणाला. “नुसतं धरा.”

दाजींनी नुसते धरले. पुढचा पट्टा सरळ आला.